मोरांच्या खोलीचा धनी

जेवणाच्या खोलीला गडद रंग द्यावा की नाही, हा प्रश्न आमच्यासारख्यांच्या घरी सहसा उद्भवत नाही. चुलीच्या धुराने स्वयंपाकघर आपोआपच काळवंडते आणि ते उजळावे म्हणून दिवाळीपूर्वी त्याला चुना फासावा लागतो. परंतु लंडनमधल्या एका धनिकाच्या भोजनगृहाला १८७६-७७ साली एका चित्रकाराने छतापासून खालपर्यंत असा काही गडद निळा-हिरवा रंग दिला, की त्या रंगापायी वर्षानुवर्षांचा स्नेह तुटला आणि ती खोली मात्र कलेच्या इतिहासात कायमची जाऊन बसली. त्या चित्रकाराचे नाव जेम्स मॅकनील व्हिस्लर.

व्हिस्लरचा जन्म १८३४ साली अमेरिकेत लोवेल या गावी झाला. वडील रेल्वेचे इंजिनीयर होते. रशियाच्या झारने सेंट पीटर्सबर्ग ते मॉस्को हा लोहमार्ग बांधण्यासाठी त्यांना बोलावून घेतले आणि बालपणीच जेम्सला तिथल्या कलाशाळेत चित्रकलेचे धडे मिळाले. १८४९ साली कॉलऱ्याने वडील गेले आणि कुटुंब मायदेशी परतले. पुढे वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयातून रसायनशास्त्रात नापास झाल्यामुळे त्याला काढून टाकण्यात आले. सिलिकॉन जर वायू असता तर मी सेनापती झालो असतो, असे तो नंतर गमतीने सांगत असे. काही काळ सरकारी खात्यात नकाशे कोरून १८५५ साली त्याने पॅरिस गाठले आणि त्यानंतर लंडन. आपल्या आईचे जे चित्र त्याने १८७१ मध्ये काढले ते जगप्रसिद्ध आहे. पण मला सांगायचे आहे ते या खोलीविषयी.

फ्रेडरिक लेलँड हा लिव्हरपूलचा जहाजमालक. एका जहाज कंपनीत उमेदवारी करता करता तो त्याच कंपनीचा मालक झाला होता. त्याला पियानोचा नाद होता. व्हिस्लरच्या थेम्स नदीवरील अंधाऱ्या चित्रांना 'नॉक्टर्न' हे संगीतातले नाव त्यानेच सुचवले. अशा रसिक आश्रयदात्याने प्रिन्सेस गेटमधल्या आपल्या घरी भोजनगृह सजवण्याचे काम टॉमस जेकिल या वास्तुकाराकडे सोपवले. जेकिलने भिंतींवर फुलांची नक्षी असलेले जुने कातडे लावले आणि चिनी मातीची निळी-पांढरी भांडी मांडण्यासाठी अक्रोडाच्या लाकडाची नाजूक फळ्यांची मांडणी उभारली. चुलाण्यावर व्हिस्लरचेच एक चित्र टांगलेले होते.

इतक्यात जेकिल आजारी पडला. कातड्यावरची फुले आपल्या चित्रातल्या रंगांना मारक ठरतात असे व्हिस्लरला वाटले. त्याने थोडी डागडुजी करण्याची परवानगी मागितली, लेलँडने ती दिली आणि तो लिव्हरपूलला निघून गेला. मग त्या 'थोड्या डागडुजी'ला अंतच राहिला नाही! व्हिस्लरने सारे कातडे निळ्या रंगाखाली गाडून टाकले. छतावर पितळी वर्ख चढवून त्यावर मोरपिसांची नक्षी काढली. जेकिलच्या फळ्यांना सोनेरी मुलामा दिला. खिडक्यांच्या झडपांवर भलेमोठे सोनेरी मोर रंगवले. मोर हा खरा आपल्या देशाचा पक्षी. पण इथे तो जपानी चित्रांच्या वळणाने अवतरला आहे.

ही खोली मी आमच्या ग्रंथालयातल्या एका पुस्तकात रंगीत चित्रांतून पाहिली. माझे वडील घरे रंगवण्याचे काम करतात. भिंतीचा कमरेएवढा खालचा भाग ते पुष्कळदा गडद तेलरंगाने रंगवतात, कारण तिथे हातांचे, डोक्यांचे डाग पडतात आणि गडद रंगावर ते दिसत नाहीत. गडद रंगाचा एवढाच उपयोग मला ठाऊक होता. व्हिस्लरचा गडद रंग काही झाकण्यासाठी नव्हता. संध्याकाळी गॅसच्या दिव्यांखाली त्या निळ्या काळोखातून फक्त सोन्याच्या रेघा उजळाव्यात आणि फळ्यांवरची पांढरी भांडी चंद्रासारखी पुढे यावीत, अशी ती योजना होती. भिंती पांढऱ्या असत्या तर ती भांडी त्यांतच हरवली असती.

खोलीचा मालक परगावी असताना व्हिस्लर तिथे पाहुण्यांना आणि वार्ताहरांना बोलावून जणू स्वतःच्या घरात असल्यासारखा वावरत होता. शेवटी त्याने दोन हजार गिनी मागितल्या. लेलँड खवळला. न सांगितलेल्या कामाचे एवढे पैसे का द्यावेत? त्याने निम्मेच दिले, तेही गिनीत नव्हे, पौंडात. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग, पौंड म्हणजे वीस. हजारावर हजार शिलिंग, म्हणजे पन्नास पौंड कमी. पण खरी बोच त्या पन्नास पौंडांची नव्हती. कलावंताला गिनीत मोबदला देण्याची रीत होती. पौंडात मजुरी घेत ते सुतार आणि रंगारी.

इथे मला थांबावे लागले. माझ्या वडिलांचे पैसेही एका बंगल्याचे काम संपल्यावर मालकाने कापले होते, आणि ते तर अगोदर ठरलेले होते. त्यामुळे कापणाऱ्याचा मला मनापासून राग आहे. तरीही व्हिस्लरची बाजू पूर्णपणे घेणे मला जड जाते. ठरवल्याशिवाय ब्रश भिजवू नये, हा वडिलांचा नियम त्याने मोडला. शिवाय दुसऱ्या कारागिराचे काम न विचारता पुसले. आणि रंगारी म्हणून मोजले जाण्याचा त्याला इतका अपमान का वाटावा, हेही मला एका रंगाऱ्याचा मुलगा म्हणून बोचते.

सूड मात्र त्याने झकास घेतला! उरलेल्या भिंतीवर त्याने दोन भांडणारे मोर रंगवले. एक गरीब, दुसरा तोऱ्यात पिसारा फुलवलेला. तोऱ्यातल्या मोराच्या गळ्याशी लेलँडच्या झालरीच्या सदऱ्याची आठवण करून देणारी चंदेरी पिसे आहेत आणि पायांशी शिलिंग विखुरलेले. लेलँड रोज जिथे जेवायला बसणार, तिथेच! १८७७ मध्ये काम संपले आणि दोघांचे बोलणेही.

त्याच वर्षी समीक्षक रस्किनने व्हिस्लरच्या एका चित्राची दोनशे गिनी किंमत म्हणजे उद्धटपणा ठरवला, तेव्हा व्हिस्लर कोर्टात गेला. हे पैसे दोन दिवसांच्या श्रमाचे नसून जन्मभराच्या ज्ञानाचे आहेत, असे त्याने साक्षीत सांगितले. फुटावर मजुरी घेणाऱ्या प्रत्येकाने ही साक्ष वाचावी असे मला वाटते. तो जिंकला, पण भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. खटल्याच्या खर्चाने आणि आधीच्या कर्जाने १८७९ साली त्याचे दिवाळे निघाले. देणेकऱ्यांत अग्रभागी होता लेलँड. व्हेनिसला जाऊन व्हिस्लरने कोरीव ठशांची चित्रे केली, पुन्हा नाव कमावले आणि १९०३ साली तो लंडनमध्ये वारला.

जेकिलचे काय? आपली खोली पाहून तो वेडा झाला अशी दंतकथा आहे. पण त्याचे आजारपण त्याआधीच सुरू झाले होते. १८८१ मध्ये नॉर्विचच्या वेड्यांच्या इस्पितळात त्याचा अंत झाला.

आणि लेलँड? एवढा संताप होऊनही त्याने ती खोली पुसली नाही. चुना फासायला त्याला किती वेळ लागला असता? १८९२ साली मरेपर्यंत तो त्या दोन मोरांसमोर जेवत राहिला. १९०४ मध्ये चार्ल्स फ्रीअर या अमेरिकन संग्राहकाने ती सबंध खोली विकत घेतली, सुटी करून जहाजाने डेट्रॉइटला नेली आणि त्याच्यानंतर ती वॉशिंग्टनच्या संग्रहालयात गेली. १९२३ पासून ती लोकांसाठी खुली झाली. आता तिथे कुणी जेवत नाही. जेकिलच्या फळ्या मात्र अजून त्याच आहेत, सोनेरी मुलाम्याखाली.