समुद्रकिनाऱ्यावरील वादविवाद गाजविणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई शहरात धर्मविषयक वादांना विलक्षण धार आली होती. १८३१ साली मोरभट्ट दांडेकर आणि डॉ. जॉन विल्सन यांच्यात झालेल्या वादापासून हिंदू पंडित व ख्रिस्ती मिशनरी समोरासमोर येऊ लागले होते. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला स्वजातीत परत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकर यांना मोठा रोष पत्करावा लागला. १८५४ मध्ये बाबा पदमनजी यांनीही धर्मांतर केले. अशा वातावरणात ज्यांनी मिशनऱ्यांना उघड्या मैदानावर उत्तर दिले, ते विष्णुबुवा ब्रह्मचारी होत.

विष्णू भिकाजी गोखले यांचा जन्म १८२५ साली आजच्या रायगड जिल्ह्यातील शिरवली या गावी झाला. बालपणीच पितृछत्र हरपल्याने शिक्षण जेमतेम झाले. दुकानातील काम आणि त्यानंतर जकात खात्यातील नोकरी करीत असताना त्यांचा अध्यात्माकडे ओढा वाढत गेला. वयाच्या तेविसाव्या वर्षी नोकरी सोडून ते सप्तशृंगीच्या डोंगरावर तपश्चर्येसाठी गेले. पुढे गावोगावी व्याख्याने देत १८५६ मध्ये ते मुंबईत आले.

१५ जानेवारी १८५७ पासून दर गुरुवारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांच्या सभा भरू लागल्या. इंग्रजी न शिकलेल्या या कोकणी तरुणाने आदिपाप, ईश्वरपुत्राचे बलिदान आणि चमत्कार या ख्रिस्ती सिद्धांतांवर बिनतोड प्रश्न उपस्थित केले. मिशनऱ्यांनी मूर्तिपूजा व पुराणकथांवर टीका करून प्रत्युत्तर दिले. श्रोत्यांची मोठी गर्दी होत असे. २८ मे रोजी हे वाद थांबले. मेरठचा उठाव होऊन तेव्हा अठरा दिवस झाले होते आणि दोनच दिवसांनी लखनौच्या छावणीतही बंडाचा वणवा पेटला. विशेष म्हणजे या वादांचा वृत्तांत त्याच वर्षी इंग्रजीत प्रसिद्ध केला तो प्रतिपक्षातील अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन यांनी.

त्या काळातील मुंबईचे आणखी एक उदाहरण येथे आठवते. जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली अमेरिकेत स्थापन केलेल्या मॉर्मन पंथाचे प्रचारक ह्यू फिंडले १८५२ मध्ये मुंबईत आले व पुण्यातही गेले. नव्या साक्षात्काराचा त्यांचा दावा आणि पंथातील बहुपत्नीत्व यांमुळे येथील इतर ख्रिस्ती धर्मोपदेशकांनी व वृत्तपत्रांनी त्यांना कडवा विरोध केला. दुसऱ्याच्या साक्षात्काराविषयी जो संशय घ्यावयाचा, तो आपल्या धर्मग्रंथाविषयी घ्यावयाचा नाही, ही अडचण अशा प्रत्येक वादात दिसते. विष्णुबुवाही तिच्यातून सुटले नाहीत. बायबलला त्यांनी तर्काची कसोटी लावली. वेदांचे प्रामाण्य मात्र गृहीत धरले. १८५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'वेदोक्त धर्मप्रकाश' या ग्रंथाची सारी उभारणी याच गृहीतावर आहे.

तरीही त्यांना केवळ सनातनी म्हणणे अन्यायाचे ठरेल. जन्मावरून ठरणारी जात त्यांना मान्य नव्हती. विधवाविवाह आणि स्त्रीशिक्षण यांचा त्यांनी पुरस्कार केला. त्यामुळे मिशनऱ्यांविरुद्ध त्यांची पाठराखण करणारे स्वधर्मीयच पुढे त्यांच्यावर रुष्ट झाले.

१८६७ साली त्यांनी 'सुखदायक राज्यप्रकरणी निबंध' लिहिला. सर्व जमीन समाईक असावी, पिकलेले धान्य एकत्र साठवून ज्याला लागेल तितके त्याने न्यावे, मुलांच्या संगोपनाची जबाबदारी राज्याने घ्यावी, असे विचार त्यात आहेत. कार्ल मार्क्स यांच्या 'कॅपिटल'चा पहिला खंडही त्याच वर्षी निघाला. मात्र विष्णुबुवांच्या निबंधाचा उगम त्यांच्या अद्वैतविचारात आहे. सर्व माणसे एकाच कुटुंबातील असतील, तर धान्याचे कोठार वेगळे कशाला, असा त्यांचा रोख होता. या निबंधाचे इंग्रजी भाषांतरही झाले.

१८ फेब्रुवारी १८७१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात १८७२ मध्ये 'समुद्रकिनारीचा वादविवाद' हे पुस्तक मराठीत प्रसिद्ध झाले.