हार्वर्डमध्ये शिकूनही परके राहिलेले डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस

१८८८ साली २० वर्षांचे डू बॉइस हार्वर्डला आले, तेव्हा त्यांच्याकडे एक पदवी आधीच होती. पण ती होती नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाची, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या कॉलेजची. हार्वर्डने ती पूर्ण धरली नाही आणि त्यांना पुन्हा बी.ए.च्या तिसऱ्या वर्षात बसवलं.

आपण वेगळे आहोत हे त्यांना शाळेतच कळलं होतं. मॅसॅच्युसेट्समधल्या त्यांच्या गावात मुलं एकमेकांना भेटकार्डं देत होती. नव्याने आलेल्या एका मुलीने यांचं कार्ड तेवढं नाकारलं. पुढे फिस्कमध्ये आजूबाजूला सगळी आपल्यासारखीच मुलं दिसली, तेव्हा कुठे मोकळं वाटलं.

हार्वर्डमध्ये पुन्हा तेच. आवाज चांगला होता, पण कॉलेजच्या गायकवृंदाने घेतलं नाही. राहायला खोली घेतली ती एका कृष्णवर्णीय बाईंच्या घरी. गोऱ्या वर्गमित्रांशी मैत्री करायच्या फंदात ते पडलेच नाहीत. मित्र जोडले ते बोस्टनच्या कृष्णवर्णीय वस्तीत.

इंग्रजीच्या पहिल्याच निबंधात मात्र ते नापास झाले. अशा वेळी फार अवघड प्रश्न पडतो: चूक लिखाणात आहे की कातडीच्या रंगात? डू बॉइस यांनी निबंध पुन्हा तपासला. विषय जिव्हाळ्याचा होता, राग खरा होता, पण भाषा ढिसाळ होती. त्यांनी इंग्रजीचा जादा अभ्यासक्रम घेतला. अपमान कुठला आणि टीका कुठली, हे वेगळं काढणं सोपं नसतं. विल्यम जेम्स यांच्यासारखे प्राध्यापक त्यांना घरी बोलवत, त्याचाही आधार झाला असणार.

१८९५ मध्ये ते हार्वर्डची पीएच.डी. मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय ठरले. तरी पुढच्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना संशोधनाचं काम दिलं, पण शिकवायला वर्ग दिला नाही.

१८९७ मध्ये एका लेखात त्यांनी या घुसमटीला नाव दिलं: दुहेरी जाणीव. सतत दुसऱ्याच्या नजरेतून स्वतःला जोखत राहायची सवय. हाच लेख १९०३ च्या ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ या पुस्तकात आला.

१९४६ मध्ये त्यांना भारतातून एक पत्र आलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत हवी होती. पत्र पाठवणारे होते कोलंबिया विद्यापीठात शिकलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. डू बॉइस यांनी उत्तर दिलं आणि भारतातल्या अस्पृश्यांबद्दल आपली सहानुभूतीही कळवली.