पंडित मधुसूदन गुप्त

त्वचेच्या कर्करोगाची गाठ काढताना शल्यचिकित्सक केवळ गाठ कापत नाही. रोगाचा अंशही मागे राहू नये म्हणून तो तिच्या कडेची थोडी निरोगी त्वचाही काढतो. गाठ नाका-डोळ्यांजवळ असेल, तर काही ठिकाणी एकेक पातळ थर काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात आणि रोग संपल्याची खात्री झाल्यावरच थांबतात. जखम मोठी असल्यास शरीराच्या दुसऱ्या भागावरील त्वचा तेथे बसवतात. या सर्व उपचारांचा पाया एकच आहे. त्वचेखाली कोणती रक्तवाहिनी, कोणता मज्जातंतू कोठे आहे, हे शस्त्र धरणाऱ्याला ठाऊक असावे लागते. ते ज्ञान मृतदेहाच्या विच्छेदनातून मिळते. आधुनिक भारतात या अभ्यासाची वाट ज्यांनी मोकळी केली, ते होते कोलकात्याचे पंडित मधुसूदन गुप्त.

मधुसूदन यांचा जन्म १८०० च्या सुमारास बंगालमधील हुगळी जिल्ह्यातील वैद्यवाटी येथे, एका वैद्य घराण्यात झाला. कोलकात्याच्या संस्कृत महाविद्यालयात त्यांनी आयुर्वेदाचे अध्ययन केले आणि १८३० साली ते तेथेच अध्यापक झाले. शरीररचनेवरील एका इंग्रजी ग्रंथाचा त्यांनी संस्कृतात अनुवाद केला. जुनी विद्या आणि नवी विद्या या दोहोंचा त्यांच्या ठायी असा मेळ पडला होता.

१८३५ साली कोलकात्यात वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले आणि मधुसूदन तेथे शिकवू लागले. परंतु एक मोठी अडचण उभी राहिली. शरीररचना शिकायची, तर मृतदेहाचे विच्छेदन करणे भाग होते. आणि उच्चवर्णीय हिंदू समाजात प्रेताला स्पर्श करणे हा विटाळ मानला जाई. जो हे करील, त्याला जातिबहिष्काराची भीती होती. त्यामुळे विद्यार्थी पुढे येण्यास कचरत होते.

मधुसूदन यांना मात्र प्राचीन शास्त्राचा आधार ठाऊक होता. मृतदेह वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावा आणि मग कुंचल्याने हळूहळू घासून त्वचेपासून आतपर्यंतचा प्रत्येक थर डोळ्यांनी पाहावा, अशी पद्धत सुश्रुताने सांगितली आहे. काळाच्या ओघात ही परंपरा लोपली होती. मधुसूदन जे करणार होते, ते धर्माविरुद्ध नव्हते. विसरलेल्या विद्येचे ते पुनरुज्जीवन होते.

१८३६ साली तो दिवस उजाडला. प्राध्यापक गुडीव्ह यांच्यासह मधुसूदन शवागारात गेले. उमाचरण सेट, द्वारकानाथ गुप्त, राजकृष्ण डे इत्यादी विद्यार्थी त्यांच्या सोबत होते. मधुसूदन यांनी हातात शस्त्र घेतले आणि स्थिर हाताने पहिला छेद दिला. या घटनेच्या सन्मानार्थ फोर्ट विल्यम किल्ल्यावरून तोफांची सलामी देण्यात आली, असे सांगितले जाते.

शिक्षकाने स्वतः पाऊल टाकल्यावर शिष्यांची भीती मावळली. १८३७ साली महाविद्यालयात सुमारे ६० मृतदेहांचे विच्छेदन झाले. पुढील काही वर्षांत ही संख्या वार्षिक ५०० च्या वर गेली. इतरांना शिकवणाऱ्या मधुसूदन यांनी १८४० साली स्वतःही त्याच महाविद्यालयाची परीक्षा दिली व ते उत्तीर्ण झाले. अध्यापक असून पुन्हा विद्यार्थी होण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. औषधांविषयीचा एक इंग्रजी ग्रंथही त्यांनी बंगालीत आणला.

त्या काळी रबराचे हातमोजे नव्हते आणि जंतुसंसर्गाचे कारणही कोणाला ठाऊक नव्हते. मधुसूदन यांना मधुमेह होता. विच्छेदन करताना झालेल्या संसर्गामुळे त्यांची प्रकृती ढासळली आणि १८५६ साली त्यांचे निधन झाले. ज्या कार्याने त्यांना कीर्ती दिली, त्याच कार्यात त्यांचा देह पडला.

१८४५ साली मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे विद्यार्थी तेथे शिकू लागले, तेव्हा कोलकात्याने ही वाट आधीच मळलेली होती. आज अनेक जण मृत्यूनंतर स्वेच्छेने देहदान करतात. त्या देहांवर शिकलेले हात उद्या कोणाच्या तरी शरीरातील रोगाची गाठ अचूक काढतात. अशा प्रत्येक शस्त्रक्रियेमागे मधुसूदन गुप्त यांच्या त्या पहिल्या छेदाचे धैर्य उभे आहे.