बाळू पालवणकर

आमच्या राजूरकडे टूर्नामेंट लागली की पहिलं भांडण ठरलेलं, कॅप्टन कोण! मी सांगतोय ते असंच भांडण, पण शंभर वर्षांपूर्वीचं.

बाळू पालवणकरांचा जन्म १८७६ चा, चर्मकार समाजातला. पुण्यात इंग्रजांच्या क्लबात ते पीचवर रोलर फिरवायचे, नेटमध्ये साहेबांना तासन्‌तास बोलिंग टाकायचे. बॅट मात्र हाती मिळत नसे. त्यातूनच त्यांची डावखुरी फिरकी तयार झाली. पुण्याच्या हिंदू खेळाडूंना ती हवी होती, पण चहाच्या वेळी बाळू बाहेर, कपही वेगळा.

पुढे ते मुंबईला गेले. तिथली स्पर्धा छोटीच. १९०७ पासून युरोपियन, पारशी, हिंदू असे तीन संघ. १९१२ ला मुस्लिम संघ आला नि ती चौरंगी झाली. (धर्मावरून संघ! वाचताना मला तरी खटकतं.) १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना हरवलं, त्यात बाळूंचा मोठा वाटा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर विकेट्स. तरी दर हंगामात कॅप्टन दुसराच! १९२० ला तर त्यांना वगळलंच. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल हे भाऊ अडून बसले, आम्हीही खेळणार नाही. शेवटी बाळूंना उपकर्णधार केलं, चव्वेचाळिसाव्या वर्षी!

१९२३ ला विठ्ठल कर्णधार झाले आणि संघ जिंकला. बाळू १९३७ च्या निवडणुकीत डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहून हरले. १९५५ मध्ये ते वारले.