विश्लेषण : मराठी मुलींसाठी नर्सिंगची वाट कशी खुली झाली? रमाबाई रानडे यांनी नेमके काय केले?

मारेगाव तालुक्यातील एखादी मुलगी बारावीनंतर नर्सिंगला प्रवेश घेते, तेव्हा तिला यवतमाळ, सेवाग्राम किंवा नागपूरला वसतिगृहात राहावे लागते. पुढे ती विद्यार्थी परिचारिकांच्या संघटनेची प्रतिनिधी होऊ शकते. वसतिगृह, ड्युटीचे तास, सुरक्षितता या प्रश्नांवर बोलूही शकते. शंभर वर्षांपूर्वी मात्र चांगल्या घरच्या मुलीने परिचारिका व्हावे, हेच समाजाला मान्य नव्हते. ही अढी मोडण्यासाठी झटलेल्यांमध्ये रमाबाई रानडे यांचे नाव महत्त्वाचे आहे.

कोण होत्या रमाबाई रानडे?

रमाबाईंचा जन्म 1862 मध्ये सध्याच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे कुर्लेकर कुटुंबात झाला. 1873 मध्ये, वयाच्या 11व्या वर्षी, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. न्यायमूर्तींनी त्यांना मराठी आणि पुढे इंग्रजी शिकवले. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना हे पटले नाही. टोमणे, अबोला आणि घरकामाचा भार सोसत रमाबाई शिकल्या. शिकणाऱ्या मुलीला खरा विरोध कुठे होतो, हे त्यांना स्वतःच्या घरातच कळले होते.

सेवासदनची सुरुवात कशी झाली?

न्यायमूर्तींचे 1901 मध्ये निधन झाले. काही काळ एकांतात राहिल्यानंतर रमाबाईंनी सार्वजनिक कामाला पूर्ण वेळ दिला. 1904 मध्ये मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडूमल यांनी 1908 मध्ये मुंबईत सेवासदन स्थापन केले. पुढच्याच वर्षी पुण्यात सेवासदनचे काम सुरू झाले. गोपाळ कृष्ण देवधर यांची त्यांना मोठी साथ मिळाली. विधवा, परित्यक्ता आणि गरीब घरांतील स्त्रियांनी शिकून स्वतःच्या पायावर उभे राहावे, हा संस्थेचा हेतू होता.

नर्सिंगला विरोध का होता?

त्या काळी रुग्णालयांतील परिचारिका मुख्यतः युरोपियन, अँग्लो-इंडियन किंवा भारतीय ख्रिस्ती असत. बाळंतपणे गावोगावच्या सुइणी करत. परक्या पुरुषाला स्पर्श, रात्रपाळी, रक्त आणि मलमूत्र, शिवाय विटाळाची कल्पना यांमुळे उच्चवर्णीय घरांत हे काम हलके मानले जाई. विधवेवर तर अधिकच बंधने होती. दुसरीकडे, पुरुष डॉक्टरकडे जायला संकोचणाऱ्या स्त्रियांना आपली भाषा बोलणाऱ्या प्रशिक्षित परिचारिकांची नितांत गरज होती.

रमाबाईंनी मार्ग कसा काढला?

सेवासदनने पुण्याच्या ससून रुग्णालयात प्रशिक्षणासाठी विद्यार्थिनी पाठवायला सुरुवात केली. त्यांच्यासाठी वसतिगृहाची सोय केली. घरच्यांना तयार करण्यात हीच सोय निर्णायक ठरली. मुलगी कुठे राहते, तिच्यावर कोणाचे लक्ष आहे, या प्रश्नांना रमाबाईंचे नाव हेच उत्तर होते. त्या स्वतः रुग्णालयात जाऊन रुग्णांची विचारपूस करत, त्यांना फळे, फुले, पुस्तके देत. त्यामुळे हे काम कमीपणाचे आहे, असे म्हणणे इतरांनाही कठीण झाले.

संस्थेच्या एका वार्षिक समारंभातील प्रसंग प्रसिद्ध आहे. केशवपन केलेली एक विधवा बक्षीस घ्यायला मंचावर आली, तेव्हा सज्जातील विद्यार्थ्यांनी तिची हुर्यो उडवली. रमाबाईंनी समारोपाच्या भाषणात त्या तरुणांना कडक शब्दांत सुनावले. शिकणाऱ्या स्त्रीचा अपमान त्यांनी मुकाट्याने गिळला नाही.

विद्यार्थिनींनी पुढाकार कसा घेतला?

आषाढी-कार्तिकीच्या सुमारास रमाबाई सेवासदनच्या स्वयंसेविकांना घेऊन आळंदीला जात आणि वारकरी स्त्रियांची सेवा करत. घराचा उंबरठा न ओलांडलेल्या स्त्रिया इथे जत्रेच्या गर्दीत जबाबदारी घ्यायला शिकल्या. पुण्यात मुलींनाही सक्तीचे प्राथमिक शिक्षण मिळावे, यासाठी 1920 मध्ये महिला रस्त्यावर उतरल्या, त्यातही रमाबाई पुढे होत्या. महिलांच्या मताधिकारासाठीही त्यांनी प्रयत्न केले. 1921 मध्ये मुंबई इलाख्यातील पात्र महिलांना कायदेमंडळाच्या निवडणुकीत मतदानाचा हक्क मिळाला. 1924 मध्ये रमाबाईंचे निधन झाले.

आज त्याचे महत्त्व काय?

भारतीय प्रशिक्षित परिचारिका संघटना 1908 मध्ये, तर विद्यार्थी परिचारिकांची संघटना 1929 मध्ये स्थापन झाली. दुसरी संघटना रमाबाईंनी पाहिली नाही. मात्र विद्यार्थिनीने हक्क मागण्यापूर्वी तिला प्रवेश, सुरक्षित निवारा आणि पाठीशी उभे राहणारे कोणीतरी लागते, हे त्यांच्या कामातून दिसते. मारेगावहून शिकायला निघालेल्या मुलीच्या घरी आजही पहिला प्रश्न वसतिगृहाचाच असतो. त्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, तरच ती पुढे रुग्णांसाठी आणि स्वतःसाठी बोलू शकते.