विश्लेषण : संगणकाला ‘हो’ आणि ‘नाही’ची भाषा देणारे जॉर्ज बूल कोण होते?

जिन्यातल्या दिव्याला दोन बटणे असतात, एक खाली आणि एक वर. खालून लावलेला दिवा वर गेल्यावर बंद करता येतो. बटण नेमके कुठल्या बाजूला असले की दिवा लागतो, हे शोधण्यात लहानपणी अनेकांनी वेळ घालवला असेल. तशी ठरलेली बाजू नसते. दोन्ही बटणे सारख्या स्थितीत आहेत की वेगवेगळ्या, एवढ्यावरच दिवा ठरतो. संगणक दोन आकड्यांची बेरीज करतो तेव्हा त्याच्या आत हीच युक्ती चालते. गंमत म्हणजे या युक्तीमागचे गणित ज्यांनी उभे केले, त्या जॉर्ज बूल यांचे निधन १८६४ मध्ये झाले. तोवर घरात विजेचा दिवाही आला नव्हता.

हार्डवेअर म्हणजे हाताला लागते ते आणि सॉफ्टवेअर म्हणजे लागत नाही ते, ही व्याख्या शाळेत पाठ होते. पण हाताला न लागणारी सूचना हाताला लागणाऱ्या चिपकडून काम कसे करून घेते? या दोघांमधला दुवा म्हणजे लॉजिक, अर्थात तर्क. ते समजून घ्यायचे तर बूल यांच्या आयुष्यात डोकवावे लागते.

सोळाव्या वर्षी घराचा भार

बूल यांचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ चा, इंग्लंडमधल्या लिंकन शहरातला. वडील जॉन बूल बूट बनवायचे, पण त्यांचा जीव दुकानापेक्षा दुर्बिणी आणि भिंगांमध्ये जास्त रमायचा. साहजिकच धंदा बेताचा राहिला. जॉर्जला लॅटिनची तोंडओळख एका पुस्तक विक्रेत्याने करून दिली, पुढे ग्रीक तो आपले आपणच शिकला. चौदाव्या वर्षी त्याने केलेला एका ग्रीक कवितेचा अनुवाद स्थानिक वर्तमानपत्रात छापून आला, तर एका शिक्षकाने जाहीर शंका घेतली की एवढ्या वयाच्या मुलाला हे जमणेच शक्य नाही.

वडिलांचा धंदा बुडाला आणि १८३१ मध्ये, सोळाव्या वर्षी, जॉर्ज डॉनकास्टरच्या एका शाळेत साहाय्यक शिक्षक म्हणून रुजू झाला. आईवडील आणि धाकटी भावंडे आता त्याच्या पगारावर होती. एकोणिसाव्या वर्षी तर त्याने लिंकनमध्ये स्वतःची शाळाच काढली. गणिताचा अभ्यास सुरू होता तो दिवसभराची शिकवणी उरकल्यावर. गणिताचे एक पुस्तक पचवायला इतर पुस्तकांपेक्षा खूप जास्त दिवस लागतात, त्यामुळे मोजक्या पैशांत ते जास्त पुरते, असा हिशेब त्यामागे होता असे सांगतात. लाग्रांज आणि लाप्लास या फ्रेंच गणितज्ञांचे ग्रंथ बूल यांनी असे एकट्याने वाचून काढले.

पुढे केंब्रिजच्या गणितविषयक नियतकालिकात त्यांचे लेख छापून येऊ लागले. केंब्रिजला जाऊन पदवी घेण्याचा विचारही झाला. पण विद्यार्थी व्हायचे तर शाळा बंद करावी लागणार, आणि शाळा बंद म्हणजे घर बंद. पदवी राहिली ती कायमची. तरीही १८४४ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांच्या शोधनिबंधाला सुवर्णपदक दिले आणि १८४९ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात नव्याने सुरू झालेल्या क्वीन्स कॉलेजने त्यांना गणिताचे पहिले प्राध्यापक नेमले. आयर्लंड तेव्हा भीषण दुष्काळाच्या तडाख्यात होते. अशा गावात हा पदवी नसलेला प्राध्यापक दाखल झाला.

पांढऱ्या मेंढ्यांचे समीकरण

तर्कशास्त्र त्या काळी तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिकवले जाई, आणि ॲरिस्टॉटलनंतर त्यात भर घालण्यासारखे फारसे उरलेले नाही, अशी समजूत होती. १८४० च्या दशकात गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन (यांचा जन्म आपल्या मदुराईचा) आणि स्कॉटिश तत्त्वज्ञ विल्यम हॅमिल्टन यांच्यात तर्काच्या एका मुद्द्यावरून वाद पेटला. ते निमित्त झाले आणि बूल यांनी १८४७ मध्ये छोटी पुस्तिका काढली. १८५४ मध्ये विचारांच्या नियमांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ आला.

त्यातली कल्पना आठवीच्या मुलालाही कळेल अशी आहे. समजा, ‘क्ष’ म्हणजे जगातल्या सगळ्या पांढऱ्या वस्तू आणि ‘य’ म्हणजे सगळ्या मेंढ्या. मग ‘क्ष गुणिले य’ म्हणजे पांढऱ्या मेंढ्या. आता ‘क्ष गुणिले क्ष’ काय होईल? पांढऱ्यांमधल्या पांढऱ्या वस्तू, म्हणजे पुन्हा पांढऱ्या वस्तूच. थोडक्यात, क्षचा वर्ग बरोबर क्ष. नेहमीच्या अंकांत हे फक्त दोघांनाच लागू पडते, ० आणि १. दोनाचा वर्ग चार होतो, पण शून्याचा शून्यच आणि एकाचा एकच. बूल यांनी ० ला ‘काहीच नाही’ आणि १ ला ‘सर्व काही’ असा अर्थ दिला आणि वाक्यांचा खरेखोटेपणा बीजगणिताने सोडवून दाखवला.

इथे एक गल्लत सर्रास होते. ० आणि १ वापरून संख्या लिहिण्याची द्विमान पद्धत बूल यांची नाही. लायबनिट्झ यांनी ती १७०३ मध्येच मांडली होती. बूल यांचे ० आणि १ तर्काचे आहेत. शिवाय आज कॉलेजात शिकवले जाते ते बूलियन बीजगणितही जसेच्या तसे त्यांचे नाही. ‘हे किंवा ते किंवा दोन्ही’ असा ‘किंवा’चा आजचा अर्थ त्यात विल्यम जेव्हन्स यांनी आणला.

पावसातले लेक्चर

१८५५ मध्ये बूल यांनी मेरी एव्हरेस्ट यांच्याशी विवाह केला. आडनाव ओळखीचे वाटले? भारताच्या सर्वेक्षण खात्याचे प्रमुख राहिलेले जॉर्ज एव्हरेस्ट हे मेरी यांचे काका. जगातल्या सर्वोच्च शिखराला त्यांचे नाव अधिकृतपणे मिळाले ते १८६५ मध्ये.

ते पाहायला बूल मात्र नव्हते. १८६४ च्या नोव्हेंबरअखेरीस घरापासून कॉलेजपर्यंतचे सुमारे तीन मैल ते भर पावसात चालत गेले आणि ओल्या कपड्यांतच शिकवत राहिले. त्यातून आजारपण आले, फुप्फुसांवर बेतले आणि ८ डिसेंबरला त्यांचे निधन झाले. वय अवघे ४९. मागे पाच मुली, धाकटी एथेल तर सात महिन्यांची.

मेरी लंडनला गेल्या. त्यांनी ग्रंथपालाची नोकरी धरली आणि मुलांना गणित कसे शिकवावे यावर लिहिले. पुठ्ठ्याला भोके पाडून सरळ दोरे ओवत वक्ररेषा तयार करण्याचा जो प्रकल्प आजही शाळांत करतात, तो त्यांच्याच कल्पनेतला. मुलींपैकी ॲलिसिया चार मितींच्या भूमितीत नावाजल्या, लूसी रसायनशास्त्रज्ञ झाल्या, एथेल कादंबरीकार. थोरल्या मेरी एलन यांच्या वंशातले जेफ्री हिंटन यांना २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, तेही कृत्रिम बुद्धिमत्तेच्या पायाभूत कामासाठी.

मग संगणकात हे आले कसे?

त्यासाठी १९३७ उजाडावे लागले. अमेरिकेतल्या एमआयटीत २१ वर्षांचे क्लॉड शॅनन रिलेंच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचच्या, जंजाळाशी झटत होते. बूल यांचे तर्काचे गणित ते आधीच्या विद्यापीठात तत्त्वज्ञानाच्या तासाला शिकले होते. चालू म्हणजे १, बंद म्हणजे ० धरले की अख्खे सर्किट समीकरणासारखे सोडवता येते, हे त्यांनी आपल्या प्रबंधात दाखवले. जपानमध्ये अकिरा नाकाशिमा यांचे विचारही त्याच दशकात त्याच दिशेने चालले होते.

घरातच पाहा. मेन स्विच आणि पंख्याचे बटण दोन्ही चालू असतील तरच पंखा फिरतो, हे झाले ‘अँड’. पुढच्या किंवा मागच्या दाराचे बटण दाबले की एकच बेल वाजते, हे ‘ऑर’. फ्रिजचे दार बटण दाबून धरते तेव्हा आतला दिवा बंद, दार उघडून बटण सुटले की चालू, हे ‘नॉट’. आणि जिन्यातला दिवा म्हणजे ‘एक्सॉर’.

आता त्या जिन्याकडून बेरीज करून घेऊ. बटणाची एक बाजू ०, दुसरी १. दोन्ही ० असतील तर दिवा बंद, बेरीज ०. एकच १ असेल तर दिवा चालू, बेरीज १. दोन्ही १ झाले की दिवा पुन्हा बंद, म्हणजे ०, पण हातचा १ आला पाहिजे. तो ‘अँड’ देतो. उत्तर १०, द्विमान पद्धतीतले दोन. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षी ब्रेडबोर्डवर हेच सर्किट जोडताना आमच्या गटाची वायर सैल राहिली आणि हातचा काही केल्या येईना. तेव्हा बूल हे माणसाचे नाव आहे, एवढीसुद्धा माहिती आम्हाला नव्हती.

असे तर्काचे दरवाजे, म्हणजे गेट, ट्रान्झिस्टरपासून बनतात आणि आजच्या महागड्या फोनच्या प्रोसेसरमध्ये ट्रान्झिस्टरची संख्या हजार कोटींच्या पुढे असते. हे हार्डवेअर. कुठल्या क्षणी कुठल्या गेटांकडून काय काम घ्यायचे, याची यादी मेमरीत ० आणि १ च्या रूपातच साठवलेली असते. ते सॉफ्टवेअर. बँकेचे ॲप पासवर्ड बरोबर ‘आणि’ ओटीपी बरोबर असेल तरच आत सोडते. प्रोग्रामरने लिहिलेला तो ‘आणि’ शेवटी चिपवरच्या ‘अँड’ गेटांपर्यंत पोहोचतो.

शाळेत पायथन शिकत असाल तर एक करून पाहा. पाच हे तीनापेक्षा मोठे आहेत का, एवढेच संगणकाला विचारा. तो ‘ट्रू’ म्हणेल. मग हे उत्तर कोणत्या प्रकारचे, असे ‘टाइप’ने विचारा. स्क्रीनवर ‘बूल’ उमटेल. इंग्रजी स्पेलिंगमधले शेवटचे अक्षर तेवढे गळाले आहे.