गायनाचार्य विष्णु दिगंबर आणि आपली प्रमाणपत्रे

ठाणे, कल्याण, डोंबिवली या आपल्या परिसरात संध्याकाळी कोणत्याही वस्तीतून फेरफटका मारावा, एखाद्या घरातून पेटीचा सूर आणि त्यामागोमाग भूप किंवा दुर्गा आळवणारे कोवळे आवाज कानी पडतातच. ही मुले बहुधा ‘प्रारंभिक’ किंवा ‘प्रवेशिके’ची तयारी करीत असतात. त्यांतली काही मध्यमेपर्यंत पोहोचतात, थोडी विशारद होतात आणि अगदी मोजकी अलंकारापर्यंत जातात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमात कलांनाही श्रेयांक मिळू लागले. त्यामुळे गाण्याच्या परीक्षेचे महाविद्यालयात काय मोल धरायचे, हा प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांच्या बोलण्यात वरचेवर येतो. संगीताला अभ्यासक्रम असावा, परीक्षा असावी, प्रमाणपत्र असावे, हे आज आपल्याला स्वाभाविक वाटते. सव्वाशे वर्षांपूर्वी ते तसे नव्हते. ज्यांनी त्यासाठी आयुष्य वेचले त्या पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचे चरित्र म्हणूनच आपण जाणून घेतले पाहिजे.

विष्णु दिगंबरांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड संस्थानात झाला. वडील दिगंबरपंत कीर्तनकार होते, त्यामुळे घरात गाणे होतेच. पण मुलाने शिकावे ते शाळेतले, अशीच रीत होती. नरसोबाच्या वाडीला दत्तजयंतीच्या उत्सवात फटाक्याची दारू चेहऱ्यावर उडाली आणि त्यांची दृष्टी कायमची अधू झाली. पुस्तकी शिक्षणाची वाट बंद झाली, म्हणून मुलगा गाण्याकडे वळला. मिरजेच्या संस्थानिकांच्या आश्रयाने त्यांना पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर हे गुरू लाभले. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजवणारे ते हेच बुवा.

गुरुगृही शिकणे म्हणजे काय, याची कल्पना आज आपल्याला येणे कठीण आहे. अभ्यासक्रम नाही, वेळापत्रक नाही, छापील पुस्तक नाही. आधी गुरूची सेवा करायची आणि गुरूच्या मनात येईल तेव्हा, येईल तेवढे शिकायचे. विष्णु दिगंबरांनी अशी अनेक वर्षे काढली. विद्या उत्तम मिळाली, पण एक गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली. चरित्रकार सांगतात, की मिरजेतील एका समारंभाचे आमंत्रण संस्थानिकांच्या आश्रयातले म्हणून विष्णु दिगंबरांना आले, पण त्यांच्या गुरूंना आले नाही. कारण ते पडले गवई! शिष्याला मान मिळावा आणि ज्याच्यापाशी विद्या आहे त्या गुरूला मिळू नये, हे शल्य त्यांना बोचले.

१८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. बडोदे, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली अशी मजल दरमजल करीत ते पंजाबात पोहोचले. या भ्रमंतीत त्यांनी दरबारांत गाणी केली, तशीच तिकीट लावून सर्वसामान्यांसाठीही केली. राजाच्या मर्जीवर जगणारा गवई स्वाभिमानी होणार नाही, तो लोकांच्या आधारावर उभा राहिला पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. कोणा राजाच्या खजिन्यावर नव्हे, तर फी, देणग्या आणि स्वतःच्या जलशांचे उत्पन्न यांवर ही संस्था चालली.

येथे त्यांच्या योजकतेचे दर्शन घडते. सर्वसाधारण विद्यार्थी फी देऊन शिकत. त्यांतले सगळे गवई होणार नव्हते, पण ते गाणे समजणारे आणि गाण्याला मान देणारे गृहस्थ होणार होते. दुसरा होता उपदेशक वर्ग. त्यातील मुलांचा निवास व भोजन संस्थेकडे असे. त्यांनी वर्षानुवर्षे तेथे राहून शिकायचे आणि पुढे स्वतः शिक्षक व्हायचे. वर्गात शिकवायचे तर पुस्तके हवीत, म्हणून त्यांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली आणि क्रमिक पुस्तके छापली. अभ्यासक्रम आखला की त्याच्यामागून परीक्षा आणि पदवी आल्याच. मुलींसाठीही वर्ग निघाले. चांगल्या घरच्या मुलीने गाणे शिकणे निंद्य मानले जात असे, त्या काळातील ही गोष्ट आहे.

१९०८ मध्ये मुंबईस शाखा निघाली. पुढे सँडहर्स्ट रोडवर, म्हणजे आजच्या सरदार वल्लभभाई पटेल मार्गावर, कर्ज काढून विद्यालयाची इमारत उभी राहिली. वाद्ये बनविण्याचा कारखानाही निघाला. पण व्याप वाढला तसा कर्जाचा डोंगरही वाढला आणि अखेर ती इमारत लिलावात गेली. पंडितजींचे मन रामनामाकडे ओढले गेले होते. ते नाशिकला गेले. १९२३ च्या काकिनाडा काँग्रेसमध्ये अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी संगीतास हरकत घेतली, तेव्हा ते न डगमगता ‘वंदे मातरम्’ पूर्ण गायले. अधू दृष्टीचा हा माणूस कोणापुढे वाकला नाही. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांचे निधन झाले. पुढे नामवंत गायक झालेले त्यांचे पुत्र दत्तात्रेय तेव्हा अवघे दहा वर्षांचे होते.

इमारत गेली, पण माणसे उभी राहिली होती. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर आणि गांधीजींच्या आश्रमातील नारायण मोरेश्वर खरे हे सारे त्यांचेच शिष्य. त्यांच्या शिष्यांनी १९३१ मध्येच गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. आपल्याकडची मुले आज प्रारंभिकपासून अलंकारापर्यंत ज्या परीक्षा देतात, त्या याच अखिल भारतीय मंडळाच्या.

या पद्धतीवर आक्षेप आहेत आणि ते खोटे नाहीत. ठरावीक रागांची ठरावीक बंदिश, मोजून पाठ केलेले आलाप आणि ताना, परीक्षा संपताच कपाटावर चढलेला तानपुरा, असे चित्र आपणही पाहतो. प्रमाणपत्राने कोणी गवई होत नाही. पण विष्णु दिगंबरांनी तरी तसे कुठे मानले होते? गवई घडवण्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षांचा उपदेशक वर्ग ठेवला होता. परीक्षा होती ती समाजासाठी. गाणे ही विद्या आहे, ती क्रमाने शिकता येते, तपासता येते आणि ती शिकणारा इतर विद्यार्थ्यांच्या पंक्तीला बसू शकतो, हे समाजाला पटवायचे होते.

महाविद्यालयाच्या गुणपत्रिकेत संगीताला स्थान मिळणे हे म्हणूनच केवळ दोन-चार श्रेयांकांच्या सोयीचे काम नाही. ज्या समाजाने एका गुरूला आमंत्रण नाकारले, त्याच समाजाच्या विद्यापीठाने त्याच्या विद्येला आपल्या पंक्तीत पाट मांडून दिला, असा त्याचा अर्थ आहे. तो मान आपल्याला आयता मिळाला आहे. विशारदचे प्रमाणपत्र चौकटीत लावून तानपुरा गवसणीत बांधून ठेवला, तर गुणपत्रिकेतील ते श्रेयांक खरे, पण त्यामागची विद्या आपण गमावलेली असेल.